झोप, जाग आणि दिवसाची पेंग: हायपोथॅलॅमसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून झोपेबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पहिली चार उत्तरं पायाची आहेत. पुढे त्यांचा संबंध येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घरात कुणाला डोक्याला मार लागल्यावर किंवा तापात अचानक खूप झोप येत असेल, तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न १५ वाचा.

१. हायपोथॅलॅमस म्हणजे काय? तो डोक्यात कुठे असतो?

मेंदूच्या तळाशी, अगदी मधोमध. त्याच्या वर थॅलॅमस, खाली पिट्युटरी ग्रंथी, आणि दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात ती जागा त्याला लागूनच. वजन जेमतेम ४ ग्रॅम. भूक, तहान, शरीराचं तापमान, हार्मोन्स आणि झोप या सगळ्यांचा कारभार तो पाहतो. हे सगळं इतकं शेजारी शेजारी असल्यामुळेच उकाड्याने झोप उडते, उपाशीपोटी लवकर जाग येते आणि झोपेच्या काही आजारांत वजनही वाढतं.

२. झोपेचा या भागाशी संबंध आहे, हे कळलं कसं?

एका भयंकर साथीमुळे. १९१६-१७ च्या सुमारास युरोपात मेंदूज्वराची एक साथ आली. बरेच रुग्ण आठवडेच्या आठवडे झोपून राहत, तर थोड्या रुग्णांची झोप पार उडे. व्हिएन्नाचे डॉक्टर कॉन्स्टँटिन फॉन एकोनोमो यांनी मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. झोप उडालेल्यांच्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात इजा होती, तर अति झोपणाऱ्यांची इजा मागच्या भागात आणि त्याला लागून असलेल्या मेंदूच्या देठाच्या वरच्या टोकात होती. पुढचा भाग झोपवतो आणि मागचा जागवतो, हा त्यांचा निष्कर्ष पुढच्या संशोधनात टिकला.

३. झोप लागते तेव्हा आत नेमकं होतं काय?

पुढच्या भागात पेशींचा एक छोटा पुंजका आहे, व्हीएलपीओ. या झोपवणाऱ्या पेशी गाबा आणि गॅलानिन ही रसायनं सोडून जाग ठेवणाऱ्या केंद्रांना गप्प करतात. त्यांच्यासमोर जागवणारा पक्ष मोठा आहे. हायपोथॅलॅमसच्याच मागच्या भागातल्या पेशी हिस्टामिन सोडतात, आणि मेंदूच्या देठातली केंद्रं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, सेरोटोनिन वगैरे सोडतात. दोन्ही पक्ष एकमेकांना दाबतात. एक वर आला की दुसरा झपाट्याने खाली जातो.

घरातल्या चेंजओव्हर स्विचसारखंच हे आहे. लाईट एकतर महावितरणची, नाहीतर इन्व्हर्टरची. मधल्या अवस्थेत खटका थांबत नाही, म्हणून आपण सहसा अर्धे जागे, अर्धे झोपलेले असे राहत नाही.

हा खटका जागेच्या बाजूला घट्ट धरून ठेवण्याचं काम ओरेक्सिन या रसायनाचं. १९९८ साली दोन वेगळ्या संशोधक गटांनी ते स्वतंत्रपणे शोधलं, म्हणून त्याला हायपोक्रेटिन असं दुसरंही नाव आहे. ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशी माणसाच्या अख्ख्या मेंदूत साधारण ५० ते ८० हजारच, आणि त्या फक्त हायपोथॅलॅमसमध्ये. त्या मेल्या की खटका सैल पडतो. नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारात हेच होतं (प्रश्न १०).

४. मग झोपेची वेळ कोण ठरवतं?

दोन गोष्टी मिळून. पहिली म्हणजे दिवसभर साठत जाणारा झोपेचा दाब. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन साचत जातं, आणि झोपलो की ते उतरतं. चहा-कॉफीतलं कॅफिन अ‍ॅडिनोसिनची जागा अडवतं. त्यामुळे दाब जाणवत नाही, पण तो कमी झालेला नसतो. कॅफिनचा निम्मा अंश उतरायलाच ५-६ तास लागतात, म्हणून संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकरालाही अंगात असतो.

दुसरी गोष्ट शरीराचं आतलं घड्याळ. डोळ्यांच्या नसा छेदतात त्याच्या लगेच वर, दोन्ही बाजूंना मिळून सुमारे २० हजार पेशींचं हे केंद्र आहे. त्याचा फेरा बहुतेकांमध्ये २४ तासांहून थोडा मोठा असतो, म्हणून ते रोज जुळवून घ्यावं लागतं, आणि ते काम सकाळचा उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यातल्या काही खास पेशी दिसण्यासाठी नसतातच. त्या फक्त उजेड किती आहे ते थेट या घड्याळाला कळवतात. अंधार पडला की घड्याळाच्या इशाऱ्यावर मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला कळवणारं हार्मोन, सोडू लागते.

५. दुपारी वरण-बट्टी खाल्ली की डोळे मिटायलाच लागतात. तूप जास्त होतं म्हणून का?

तुपाचा वाटा आहे, पण सगळा दोष बट्टीवर टाकू नका. दुपारी एक ते चारच्या दरम्यान घड्याळाचा जागवणारा जोर थोडा ढिला पडतो. उपाशी राहिलं तरी ही सुस्ती येते. त्यात भरपूर पिठूळ, तुपाळ जेवण झालं की ती वाढते. रक्तातली साखर वाढली की ओरेक्सिनच्या पेशी मंदावतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

तीनच्या आत १५-२० मिनिटांची डुलकी काढा, गजर लावून. तासभर झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं, डोकं जड राहतं आणि रात्रीची झोप पुढे ढकलली जाते. साधं जेवण झालं तरी रोज झापड येत असेल आणि सोबत तहान, वारंवार लघवी असेल, तर साखर तपासून घ्या.

६. मे महिन्यात रात्री दोनपर्यंत झोप लागत नाही. उपाय काय?

झोप लागण्यासाठी शरीराच्या आतलं तापमान उतरावं लागतं. तापमान मोजणाऱ्या पेशी आणि झोपवणाऱ्या पेशी हायपोथॅलॅमसच्या एकाच पुढच्या भागात आहेत. संध्याकाळनंतर हातापायांच्या त्वचेकडे रक्त वाढतं, तिथून उष्णता बाहेर जाते आणि मग डोळा लागतो. बाहेरची हवाच तापलेली असली की उष्णता जायला वाव राहत नाही.

झोपण्याआधी एक-दोन तास कोमट पाण्याने अंघोळ करा. बर्फासारख्या गार पाण्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच अडकते. हातपाय आणि मान ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली पडा. कूलर लावला की समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा. बंद खोलीत दमटपणा साठतो, घाम सुकत नाही आणि कूलर नुसता वारा घालतो. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो, पावसाळ्यात मात्र नाही. गच्चीवर झोपत असाल तर सूर्य मावळल्यावर लगेच पाणी मारा, कारण स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. पहाटेच्या उजेडाने लवकर जाग येत असेल तर डोळ्यांवर गडद फडकं घ्या.

७. शेतीची लाईट रात्री असते. केळीला पाणी भरायला जावं लागतं, आणि दिवसा धड झोप येत नाही. काय करावं?

रावेर, यावल, चोपड्याकडून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि तो आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो, कारण यात दोष शेतकऱ्याच्या शरीराचा नाहीच. काही दिवस दिवसा लाईट, काही दिवस रात्री, अशी पाळी असते. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एका तासाने सरकतं. ते रात्रपाळीला जुळायच्या आत पाळी बदललेली असते. म्हणून तीन-चार रात्रींसाठी घड्याळ उलटं करण्याच्या फंदात पडू नका. झोपेचा दाब कमी ठेवण्यावर भर द्या.

रात्री जायचं असेल त्या दिवशी दुपारी दोन ते साडेतीन झोपून घ्या. संध्याकाळी सात-आठला आडवं पडून उपयोग होत नाही, कारण नेहमीच्या झोपेच्या दोन-तीन तास आधी घड्याळ सगळ्यात जास्त जोराने जागं ठेवतं. चहा प्यायचा तर वावरात पोचल्यावर लगेच प्या, पहाटे तीननंतर नको.

तीन ते पाच हा सगळ्यात वाईट वेळ. शरीराचं तापमान तळाला असतं आणि हात, डोळे, डोकं तिन्ही मंदावतात. फ्यूज टाकणं, स्टार्टर उघडणं, ओल्या हाताने पेटीला हात लावणं ही कामं या वेळात टाळा. मोटार बंद पडली तर सकाळी पाहू म्हणा. बांधावर जमिनीवर पडू नका, साप-विंचवासाठी बाज किंवा मचाण हवंच. घरी निघण्याआधी तिथेच २० मिनिटं झोपा आणि मगच मोटारसायकलला हात लावा.

घरी आल्यावर ऊन अंगावर घेत ओट्यावर बसू नका. पहाटेच्या त्या तळानंतरचा उजेड घड्याळाला ‘दिवस झाला’ म्हणून सांगतो. थोडं खाऊन अंधाऱ्या खोलीत चार-पाच तास झोपा आणि दुपारी पुन्हा थोडं. घरच्यांनी त्या वेळेत मिक्सर, टीव्ही आणि पाहुणे यांना आवर घालावा. हा उपचाराचाच भाग आहे. रात्रीची लाईट नसेल त्या दिवशी नेहमीच्या वेळी झोपा आणि उठा. जमत असेल तर मोबाईल स्टार्टर, ठिबकला टायमर किंवा सौर पंप बसवा. रात्र वाचवण्याचा त्याहून चांगला मार्ग आम्हाला माहीत नाही.

भुसावळच्या रेल्वेत, दीपनगरच्या वीज केंद्रात किंवा जळगावच्या एमआयडीसीत पाळीने काम करणाऱ्यांनाही हेच लागू पडतं. पाळी बदलणं हातात असेल तर सकाळ, मग दुपार, मग रात्र असा क्रम ठेवा. घड्याळाला मागे यायला जड जातं, पुढे सरकायला सोपं.

८. सर्दीची गोळी घेतली की गुंगी येते. तीच गोळी झोपेसाठी घेतली तर चालेल का?

नको. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या सर्दीच्या गोळ्या मेंदूत शिरून हिस्टामिन अडवतात, म्हणजे जागवणाऱ्या पक्षाचा एक गडी बाद करतात (प्रश्न ३). पण काही दिवसांत गुंगी कमी होत जाते, आणि तोंड कोरडं पडणं, लघवी अडणं, म्हाताऱ्या माणसांना भ्रम होणं हे त्रास मात्र राहतात. फेक्सोफेनाडिनसारखी गोळी मेंदूत फारशी जात नाही. गाडी चालवायची असेल तर डॉक्टरांना तसं सांगून ती मागा. दारूसोबत गुंगीची कुठलीच गोळी नको.

९. आमचे नाना दिवसभर पेंगतात. हा आळस, अशक्तपणा की आजार, कसं ओळखायचं?

आळस हा शब्द आधी बाजूला ठेवा. बसल्या जागी नकळत डोळा लागणं हे कुणी मुद्दाम करत नाही.

थकवा आणि झोप यांत फरक करा. थकलेल्या माणसाला बसावंसं वाटतं, पण आडवं झाल्यावर झोप लागतेच असं नाही. रक्त कमी असणं, थायरॉईड कमी असणं, नैराश्य यांत बहुधा असं दिसतं. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा भागात सिकलसेलची तपासणीही करून घ्यावी. खरी झापड असेल तर माणूस पाच-दहा मिनिटांत झोपतोच.

मोजायला एपवर्थ पट्टी वापरतात. आठ प्रसंग आहेत: बसून वाचताना, टीव्ही पाहताना, कीर्तन-सभेसारख्या ठिकाणी नुसतं बसलेलं असताना, गाडीत किंवा एसटीत तासभर प्रवासी म्हणून, दुपारी आडवं झाल्यावर, कुणाशी बसून बोलताना, जेवणानंतर शांत बसल्यावर (दारू न पिता), आणि वाहनात असताना ते रहदारीत काही मिनिटं थांबल्यावर. डुलकी लागण्याची शक्यता नसेल तर ०, थोडी १, मध्यम २, खूप ३. बेरीज २४ पैकी १० च्या वर गेली तर डॉक्टरांकडे जा. गुण नानांनी एकट्याने देऊ नयेत, सोबत राहणाऱ्यालाही विचारा. पेंगणाऱ्याला आपल्या अर्ध्या डुलक्या ठाऊकच नसतात.

यानंतर कारणं शोधा, नेहमीची आधी. रात्रीची झोप सात तासांहून कमी आहे का? कुठली गुंगीची औषधं चालू आहेत? रात्री जोरात घोरतात, मध्येच श्वास थांबून दचकल्यासारखा पुन्हा सुरू होतो, सकाळी डोकं दुखतं? मग घोरण्यात श्वास अडण्याचा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. यात हायपोथॅलॅमस धडधाकट असतो. श्वास अडल्याने झोप रात्रभर तुटत राहते, एवढंच. वजन उतरवणं, कुशीवर झोपणं आणि सीपॅप यंत्र (मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) यांनी दिवसाची झापड बहुतेकांची उतरते. मेंदूच्या आजाराची शंका याच्या नंतर घ्यायची.

१०. पोरगा नववीत आहे. वर्गात रोज झोपतो, गुरुजी ओरडतात, आणि वर्षभरात वजनही वाढलं. काय असेल?

पहिली शक्यता अपुरी झोप. या वयात घड्याळ उशिराकडे सरकतं आणि गरज मात्र ८ ते १० तासांची असते. रात्री बारापर्यंत मोबाईल आणि पहाटे क्लास असेल तर गणित जमणारच नाही. दोन आठवडे रोज नऊ तास झोपू द्या, वहीत वेळा लिहा.

तरीही वर्गात झोपत असेल, डुलकीनंतर थोडा वेळ एकदम ताजातवाना होत असेल आणि झोप लागताच स्वप्नं पडत असतील, तर नार्कोलेप्सीचा विचार करावा. आजार बहुधा १० ते २० वर्षांच्या वयात सुरू होतो. शरीराची स्वतःची रोगप्रतिकार यंत्रणा ओरेक्सिनच्या पेशी नष्ट करते, असं सध्याच्या पुराव्यावरून दिसतं. डीक्यूबी१*०६:०२ हा जनुकाचा प्रकार बहुतेक रुग्णांत सापडतो, पण तो असलेली बहुसंख्य माणसं निरोगीच असतात. २००९-१० च्या एच१एन१ फ्लूच्या साथीनंतर चीनमध्ये नवे रुग्ण वाढल्याची नोंद आहे. मुलांमध्ये सुरुवातीला वजन झपाट्याने वाढणं हे ओळखीचं लक्षण आहे, म्हणून तुमच्या प्रश्नातला तो तपशील डॉक्टरांना नक्की सांगा.

या मुलांची बुद्धी शाबूत असते. ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवलेलं पोर उपचारानंतर नीट शिकू शकतं, आणि म्हणूनच निदान लवकर व्हायला हवं.

११. हसता हसता मुलीचे गुडघे वाकतात, मान लटकते. घरचे म्हणतात, फिट आहे किंवा अंगात येतं. खरं काय?

नीट पाहा. हसण्याने किंवा अचानक आनंदाने सुरुवात होते का? आधी जबडा सैल पडतो, बोलणं अडखळतं, पापण्या उतरतात, मान पुढे झुकते, मग गुडघे जातात. काही सेकंदांत, फार तर दोन मिनिटांत सगळं पूर्ववत. आणि मुख्य म्हणजे त्या वेळी आजूबाजूचं बोलणं तिला ऐकू येत असतं, नंतर ती ते सांगू शकते. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात.

स्वप्नांच्या झोपेत आपले स्नायू निसर्गतःच सैल पडलेले असतात. ओरेक्सिन नसल्यामुळे खटका डळमळतो आणि तो सैलपणा जागेपणीच येतो. फिट येते तेव्हा बहुधा शुद्ध हरपते, अंग ताठ होतं, झटके येतात, कधी जीभ चावली जाते. कांदा हुंगवू नका, चप्पल नाकाशी धरू नका, भगताकडे वेळ घालवू नका. डोकं आपटणार नाही असं धरा आणि मोबाईलवर चित्रण करा. न्यूरॉलॉजिस्टला ते दहा कागदांपेक्षा जास्त सांगून जातं. विहीर, चूल आणि पोहणं यांपासून निदान होईपर्यंत जपा.

१२. पहाटे जाग येते, पण हलता येत नाही. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं.

प्रश्न ११ मधला सैलपणाच, फक्त जाग येताना थोडा रेंगाळलेला. निरोगी माणसांनाही, विशेषतः जागरणानंतर आणि उताणं झोपल्यावर, असं होतं. धोका नाही. बोटं किंवा डोळे हलवायचा प्रयत्न करा, ते सुटतं. दिवसाची झापडही सोबत असेल तरच प्रश्न १० कडे वळा.

१३. कोणत्या तपासण्या लागतात? एमआरआय नॉर्मल आला, म्हणजे आजार नाही ना?

असं म्हणता येत नाही. ओरेक्सिनच्या पेशी गेल्या तरी एमआरआयवर दिसत नाही. तो गाठ किंवा इजा शोधण्यासाठी असतो.

क्रम असा: आधी एक-दोन आठवडे झोपेची वही. मग रात्रभराची झोप-तपासणी, आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी २० मिनिटांच्या चार-पाच डुलक्यांची तपासणी. सरासरी आठ मिनिटांत किंवा त्याआधी झोप लागली आणि किमान दोनदा (आदल्या रात्रीची सुरुवातही त्यात मोजतात) १५ मिनिटांच्या आत स्वप्नांची झोप आली, तर नार्कोलेप्सी धरतात. काही वेळा पाठीतून पाणी काढून ओरेक्सिन मोजतात. ते ११० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी असेल तर निदान पक्कं.

तपासणी फुकट जाण्याची दोन ठरलेली कारणं आहेत. आदल्या रात्री सहा तासही झोप न होणं, आणि नैराश्याच्या गोळ्या चालू असणं, कारण त्या स्वप्नांची झोप दाबतात. त्या साधारण दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात, पण डॉक्टरांनी सांगितल्यावरच. धुळे किंवा जळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात छातीविकार किंवा कान-नाक-घसा विभागात आधी चौकशी करा. डुलक्यांच्या तपासणीसाठी मोठ्या शहरात जावं लागू शकतं.

१४. ओरेक्सिन कमी आहे तर ओरेक्सिनचीच गोळी का देत नाहीत?

ते प्रथिनासारखं असल्याने पोटात पचून जातं, आणि रक्तातून मेंदूत पुरेसं शिरत नाही. म्हणून त्याच्या जागी बसून तेच काम करणाऱ्या वेगळ्या रेणूंवर माणसांत चाचण्या झाल्या आहेत. उलट ओरेक्सिनला अडवणारी सुवोरेक्संटसारखी औषधं निद्रानाशासाठी निघाली आहेत.

आज हातात आहे ते म्हणजे मोडाफिनिल किंवा आर्मोडाफिनिल, सकाळी, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. कॅटाप्लेक्सीसाठी व्हेनलाफॅक्सिनसारखी गोळी देतात. ती एकदम बंद केली तर कॅटाप्लेक्सीचे झटके उसळतात. मोडाफिनिलने गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो, औषध बंद केल्यावरही महिनाभर. त्या काळात दुसरं साधन वापरा. अंगावर पुरळ आलं तर गोळी थांबवून लगेच दाखवा. औषधाइतक्याच महत्त्वाच्या आहेत ठरलेल्या वेळच्या १५-२० मिनिटांच्या दोन डुलक्या. शाळेला तसं पत्र द्या.

गाडीचं मात्र स्पष्ट सांगतो: झापड आटोक्यात आल्याचं डॉक्टरांनी सांगेपर्यंत चालवायची नाही. ताशी ८० किलोमीटर वेगात चार सेकंद डोळा लागला तर ट्रक जवळजवळ ९० मीटर आंधळा धावतो. केळी घेऊन रात्री महामार्गाला लागणाऱ्या निरोगी चालकालाही हाच हिशेब लागू आहे. काच खाली करणं, गाणी लावणं याने भागत नाही. गाडी बाजूला घ्या, चहा प्या, लगेच २० मिनिटं झोपा. उठेपर्यंत कॅफिन लागू पडायला लागलेलं असतं.

१५. डोक्याला मार लागल्यावर, तापात किंवा डोकेदुखीसोबत झोप वाढली तर?

ताप, मान आखडणं आणि गुंगी, किंवा मारानंतर उलट्या होऊन हाक मारूनही नीट न उठणं: रात्र असली तरी तात्काळ दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा. ‘झोपू द्या, थकलाय’ म्हणून थांबू नका.

हळूहळू काही आठवड्यांत झोप वाढत गेली आणि सोबत बाजूचं दिसेनासं होणं, प्रचंड तहान-लघवी, मुलाची उंची थांबणं किंवा पाळी बंद होणं असेल, तर हायपोथॅलॅमस-पिट्युटरीच्या भागात गाठ असू शकते. डोळ्यांच्या नसा तिथूनच जातात (प्रश्न १). इथे एमआरआय आणि हार्मोन्सची तपासणी लांबवू नये.

१६. भाऊ वर्षातून दोन-तीनदा आठ-दहा दिवस नुसता झोपतो, उठला की अधाशासारखा खातो, विचित्र वागतो. मग एकदम ठीक. हे काय?

क्लाइन-लेव्हिन सिंड्रोम नावाचा दुर्मीळ आजार असा दिसतो, बहुतेक किशोरवयीन मुलांत. मधल्या काळात माणूस पूर्ण बरा असतो. पण फिट, नशा, मानसिक आजार आणि मेंदूज्वर ही कारणं आधी वगळावी लागतात, म्हणून झटका चालू असतानाच न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. त्या दिवसांत एकटं सोडू नका.

१७. आजोबांना दोन्ही डोळ्यांनी अजिबात दिसत नाही. काही आठवडे रात्री झोपतात, मग दिवसा, मग परत रात्री. असं का फिरतं?

उजेडच पोचत नसल्यामुळे घड्याळ स्वतःच्या २४ तासांहून मोठ्या फेऱ्याने चालतं आणि झोप रोज थोडी पुढे सरकते (प्रश्न ४). ही कामचुकार झोप नव्हे आणि झोपेच्या गोळीने ती जागेवर येत नाही. इथे मेलाटोनिन रोज ठरलेल्या एकाच वेळी, झोपण्याआधी तासभर, थोड्या मात्रेत देतात. परिणाम दिसायला काही आठवडे ते महिने लागू शकतात, आणि ते पुढेही नियमाने चालू ठेवावं लागतं. जेवण, अंघोळ, फिरणं यांच्या वेळाही पक्क्या ठेवा.

यालाही अपवाद आहे. काही अंध माणसांच्या डोळ्यांतल्या उजेड कळवणाऱ्या त्या खास पेशी शाबूत असतात. त्यांना काहीच दिसत नाही, तरी घड्याळ बरोबर चालतं. असा डोळा दुखतो म्हणून काढायचं ठरत असेल, तर आधी झोप कशी आहे ते डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. आणि आजोबांचं दिसणं मोतीबिंदूने गेलं असेल, तर गोळीआधी ऑपरेशनचं विचारा.